सबफ्रेम सरकवावी की कॅम्बर बोल्ट बसवावेत?

चाकांच्या अलाइनमेंटच्या पडद्यावर टो (वरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) हिरवा, म्हणजे मर्यादेत, झाला, पण एका बाजूचा कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल) लालच राहिला आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढत राहिली, की मालकापुढे बहुधा दोन पर्याय ठेवले जातात. एक म्हणजे पुढची सबफ्रेम (सस्पेन्शनचे आर्म ज्यावर बसतात ती चौकट) सैल करून योग्य जागी सरकवणे आणि दुसरा म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्जॉर्बरच्या उभ्या खांबाच्या) खालच्या जोडात कॅम्बर बोल्ट बसवणे. दोन्हींनी पडद्यावरचा आकडा हिरवा होऊ शकतो आणि त्यामुळेच निवड करताना गफलत होते. बिघाड कुठे आहे, यावर योग्य पर्याय ठरतो. आकडा कोणत्या मार्गाने लवकर हिरवा होतो, यावर नाही.

मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या अनेक गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलण्याची सोय कारखान्यातून दिलेली असते. कॅम्बर आणि कास्टर (बाजूने पाहिल्यास स्टिअरिंग अक्षाचा मागे-पुढे कल) हे सुट्या भागांच्या मापांवर आणि ते भाग जिथे बसतात त्या जागांवर अवलंबून असतात. दोन्ही लोअर आर्मची (चाकाचा तळ धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) आतली टोके सबफ्रेमला जोडलेली असल्याने सबफ्रेम डावीकडे सरकली की डाव्या चाकाचा तळ बाहेर ढकलला जातो आणि उजव्या चाकाचा तळ आत ओढला जातो. एका बाजूचा कॅम्बर जितका ऋण होतो (चाकाचा माथा आत कलतो), जवळजवळ तितकाच दुसऱ्या बाजूचा धन दिशेने (माथा बाहेर) जातो. बॉल जॉइंटपासून (लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या सांध्यापासून) स्ट्रटच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर 600 मिलिमीटरच्या आसपास धरले, तर 1 मिलिमीटर सरकण्याने प्रत्येक बाजूला सुमारे 0.1 अंशाचा फरक पडतो. बोल्टच्या भोकांत काही मिलिमीटरांचा वाव असतो, म्हणून क्लच, गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंग रॅकच्या कामासाठी सबफ्रेम खाली उतरवून पुन्हा चढवताना ती नकळत तिरकी बसणे अगदी सहज घडते.

समजा, डाव्या चाकाचा कॅम्बर उणे 1.2 अंश आणि उजव्याचा उणे 0.2 अंश आहे आणि दोन्ही बाजूंना अपेक्षित आकडा उणे 0.7 आहे. गाडी उजवीकडे ओढते, कारण ओढ ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन त्या बाजूला असते. चूक दोन्हीकडे सारखीच, पण उलट दिशेची आहे. सबफ्रेम सुमारे 5 मिलिमीटर उजवीकडे घेतली की दोन्ही आकडे जागेवर येतात. मात्र केवळ कॅम्बरवरून निदान पक्के होत नाही. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा आत झुकलेला कोन, म्हणजेच एसएआय, हाही मोजून घ्यावा. वरच्या उदाहरणात तो डावीकडे 13.5 आणि उजवीकडे 12.5 अंश निघाला, तर कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज, म्हणजे इन्क्लुडेड अँगल, दोन्हीकडे 12.3 अंशच येते. बेरीज जुळली याचा अर्थ नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि स्ट्रट वाकलेले नाहीत, जागा चुकली आहे. बेरीज एका बाजूला वेगळी आली, तर सबफ्रेम कितीही सरकवली तरी ती वेगळीच राहणार. तिथे वाकलेला भाग शोधून बदलणे हाच उपाय आहे. एसएआयचा आकडा अलाइनमेंट करणाऱ्याकडे आवर्जून मागावा. पुष्कळ ठिकाणी तो मोजलाच जात नाही.

कॅम्बर बोल्ट वेगळ्या जागी काम करतात. स्ट्रट आणि नकल यांच्या जोडातील मूळ बोल्टऐवजी विकेंद्री बोल्ट (ज्याचा फुगीर भाग मध्यापासून एका बाजूला असतो) बसवला की चाक स्ट्रटच्या तुलनेत कलते आणि साधारण 1 ते 1.75 अंशांपर्यंतचा वाव मिळतो. फायदा उघड आहे: प्रत्येक चाक स्वतंत्रपणे लावता येते, काम लवकर उरकते आणि सबफ्रेमला हात लागत नाही. सस्पेन्शन मुद्दाम खाली केलेल्या गाडीत दोन्ही चाकांचा कॅम्बर एकाच दिशेने वाढतो, तिथे सबफ्रेम सरकवून काहीच साधत नाही आणि हा बोल्टच योग्य ठरतो. पण तो इन्क्लुडेड अँगल बदलतो. सबफ्रेम सरकलेली असताना एकाच बाजूला तो वापरला, तर पडद्यावर कॅम्बर जुळतो, मात्र एसएआयमधील फरक तसाच राहतो. परिणामी स्टिअरिंग वळून परत येण्याची तऱ्हा दोन्ही बाजूंना वेगळी राहू शकते. चाकाचा माथा आत घेताना टायर आणि स्ट्रट यांतील मोकळी जागा घटते, हेही तपासावे लागते. ज्या गाड्यांत स्ट्रट नकलच्या पकडीत गोल खाचेत बसतो, तिथे हा पर्याय मुळात उपलब्धच नसतो.

सबफ्रेमचे काम वरवर सोपे दिसते, पण निष्काळजीपणा चालत नाही. आधी टायरमधील हवा, बुश, बॉल जॉइंट आणि गाडीची उंची तपासली पाहिजे. मग बोल्टच्या वॉशरभोवती बारकाईने पाहावे: धूळ आणि गंजाच्या थरातून चकचकीत धातूची चंद्रकोर बाहेर डोकावत असेल, तर सबफ्रेम तिथून सरकल्याचा तो ठळक पुरावा असतो. बोल्ट काढून न टाकता फक्त सैल करतात, खाली जॅकचा आधार देतात आणि सेन्सर लावलेले ठेवून पहारीने ढकलत आकडे पाहतात. आधी रंगाने खुणा केलेल्या असाव्यात. काही गाड्यांत कारखान्याच्या खुंट्या किंवा मार्गदर्शक भोके असतात. तिथे सबफ्रेम त्यांच्याशीच जुळवावी, भोके मोठी करून घेऊ नयेत. अनेक कंपन्या हे बोल्ट एकदाच वापरायला सांगतात, म्हणून नव्या बोल्टची चौकशी आधी करावी. सबफ्रेम भोकाच्या टोकापर्यंत नेऊनही कॅम्बर जुळत नसेल, तर शंका बॉडीवर घ्यावी. अपघातग्रस्त गाडीत हे विशेष लागू होते.

स्टिअरिंग रॅक बहुधा सबफ्रेमवरच असल्याने ती सरकली की टो बदलतो, म्हणून टो शेवटी लावायचा असतो आणि त्यानंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरही शून्यावर आणावा लागतो. दोन बाजूंतील फरक कंपनीच्या मर्यादेत असेल, गाडी ओढत नसेल आणि टायर एका कडेने खाल्ले जात नसतील, तर यातले काहीही न करता फक्त टो लावून गाडी घेऊन जावी.