इन्स्टाग्राम की यूट्यूब: छोट्या धंद्याने आपले तास कुठे घालवावेत?

दोन्हीकडे खातं काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून 'दोन्ही करा' हा सल्ला सहज दिला जातो. धंदा सांभाळून, माल मागवून, हिशेब लिहून आठवड्याला चार-पाच तास उरत असतील, तर त्यात एकच जागा नीट राखता येते आणि दुसरीकडे उरलंसुरलं टाकावं लागतं. मुख्य काम कुठे करायचं, एवढंच ठरवायचं आहे. मी दोन्ही चालवलं आहे आणि माझा कल यूट्यूबकडे आहे. तरी आधी इन्स्टाग्रामबद्दल बोलू, कारण त्याची बाजू कमकुवत मुळीच नाही.

सुरुवातीचा वेग इन्स्टाग्रामकडेच आहे. खातं नवं, फॉलोअर बोटांवर मोजण्याइतके, तरी रील अनोळखी लोकांपुढे जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलेले महत्त्वाचे निकष तीन: रील किती वेळ पाहिली गेली, किती लाइक आले आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली. नव्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर यातलं 'पाठवणं' जास्त वजनाचं. म्हणून 'आमच्याकडे नवा माल आला' ही रील आपल्याच माणसांत फिरते, आणि 'कुंडी बदलताना मुळं अशी तोडू नका' ही कुणीतरी बहिणीला पाठवतं. पहिल्या दोन सेकंदांत लोगो फिरवत बसू नका. झालेलं काम आधी दाखवा, कसं केलं ते नंतर.

रील बिघडते ती बहुतेक वेळा किरकोळ कारणांनी. जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झाले, पण ते रीलइतके उभे नाहीत. त्यामुळे रीलच्या कव्हरवर, म्हणजे तिच्या दर्शनी चित्रावर, अगदी वर किंवा अगदी खाली लिहिलेलं ग्रिडमध्ये (प्रोफाइलवरच्या त्या चौकोनांत) कापलं जातं. अक्षरं मधोमध ठेवा. खालच्या भागावर कॅप्शन आणि उजव्या कडेवर बटणं येतात, तिथेही काही लिहू नका. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेली रील इन्स्टाग्राम पुढे ढकलत नाही, हे त्यांनी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, तेव्हा मूळ फाइल एडिटिंग अ‍ॅपमधून कोरी काढून ठेवा. बिझनेस प्रकारच्या खात्याला गाजलेली गाणी मिळत नाहीत, म्हणून काहीजण खातं क्रिएटर प्रकारात नेतात. धंद्याच्या जाहिरातीला ते गाणं वापरायचा हक्क त्याने मिळतो असं नाही. स्वतःच्या आवाजात बोललेलं बरं.

विक्रीची बोलणी मात्र डीएममध्ये (खासगी संदेशांत) होतात, आणि इथे यूट्यूब फारच मागे आहे. तिथे खासगी संदेश पाठवायची सोय होती, ती सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली. इन्स्टाग्रामवर माणूस रील पाहता पाहता विचारून मोकळा होतो. फक्त तुम्ही ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे संदेश 'रिक्वेस्ट'मध्ये जाऊन पडतात. नवं गिऱ्हाईक नेमकं तिथेच असतं, तेव्हा तो कप्पा दिवसातून दोनदा उघडायची सवय लावून घ्या. नेहमीची उत्तरं आधीच साठवून ठेवता येतात. पत्ता, वेळ, घरपोच पाठवायची पद्धत एवढी तीन तरी तयार ठेवा.

इतकं असून माझं पारडं दुसरीकडे झुकलं ते एका कटकटीमुळे. इन्स्टाग्रामवर जुनं काही सापडत नाही.

समजा रोपवाटिका आहे. कुणीतरी विचारतं, 'पानं पिवळी पडतायत, पाणी कमी होतंय का?' याचं नीट उत्तर देणारी रील तुम्ही दोन महिन्यांपूर्वी केलेली असते. ती आता काढायची कशी? प्रोफाइलच्या आत शोधायला जागा नाही. अंगठ्याने ग्रिड खाली ओढत जायचं, सगळ्या कव्हरवर हिरवी पानंच, त्यातली दोन चुकीची उघडायची, तिसरी बरोबर निघते, तिची लिंक कॉपी करून पाठवायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाचा हाच प्रश्न. पाच-सहा वेळा असं झालं की आपण लिंक शोधणं सोडून तेच उत्तर पुन्हा टाइप करायला लागतो. म्हणजे रील केली कशासाठी?

यावर उपाय आहेत, पण सगळे अर्धवट. वर पिन करता येतात तीनच पोस्ट. प्रोफाइलवरच्या हायलाइटमध्ये स्टोऱ्या साठवता येतात, पण सातवी हवी असेल तर पाहणाऱ्याला आधीच्या सहा टॅप करत जावं लागतं. स्वतःच्या रील 'सेव्ह' करून विषयवार कलेक्शन केलं तर तुमचं शोधणं सोपं होतं (हे जरूर करा, दहा मिनिटांचं काम आहे), गिऱ्हाइकाला मात्र ते कलेक्शन दिसत नाही. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे रीलमधून बाहेरच्या पानावर पाठवायचं तर 'बायोमध्ये (प्रोफाइलवरच्या ओळखीत) पाहा' म्हणावं लागतं. एप्रिल २०२३ पासून बायोत पाच लिंक बसतात, पण तिथवर जाण्याआधीच बरेच लोक गळतात असं मला दिसलं. जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलवर दिसू लागल्या आहेत, त्याने थोडा फरक पडावा. त्यासाठी कॅप्शनमध्ये शोधता येण्यासारखे शब्द हवेत. नुसती हृदयं आणि हॅशटॅग टाकून भागणार नाही.

यूट्यूबवर हीच गोष्ट उलटी घडते. चॅनेलच्या आत शोध आहे, प्लेलिस्ट आहेत, आणि व्हिडिओच्या नेमक्या मिनिटाची लिंक पाठवता येते. डिस्क्रिप्शनमध्ये ०:०० पासून वेळा लिहिल्या की व्हिडिओचे भाग पडतात. किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा, नाहीतर ते चालत नाही. मुख्य म्हणजे बरेचजण तुम्हाला विचारायच्या आधी यूट्यूबला विचारतात. शीर्षक त्यांच्या तोंडच्या वाक्यात असेल तर जुना व्हिडिओही सापडत राहतो. 'रोपांची निगा, भाग ४' असं शीर्षक कुणी शोधत नाही. 'पानं पिवळी का पडतात' हे शोधतात. मराठी माणूस अनेकदा रोमन लिपीत टाइप करतो, म्हणून तोच प्रश्न डिस्क्रिप्शनमध्ये त्या लिपीतही एकदा लिहून टाका.

अर्थात यूट्यूब सोपं नाही. सुरुवातीचे महिने आकडे लाजिरवाणे असतात आणि ज्याला लगेच दाद लागते त्याचा धीर सुटतो. आवाज खराब असेल तर चांगला विषयही वाया जातो. कॉलरला लावायचा साधा माइक आणि पंखा बंद, एवढ्याने मोठा फरक पडतो. नव्या चॅनेलच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक आपोआप दाबण्याजोगी होत नाही. फोन पडताळणीनंतरही 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' सुरू करावी लागतात. त्यासाठी ओळखपत्र किंवा स्वतःचा व्हिडिओ द्यावा लागतो, नाहीतर चॅनेलचा इतिहास तयार होईपर्यंत थांबावं लागतं. शॉर्ट्सच्या (यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंच्या) डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंक तर ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस सगळ्यांसाठीच बंद झाल्या. शॉर्टला 'संबंधित व्हिडिओ' म्हणून आपला मोठा व्हिडिओ जोडता येतो, तो जोडायला विसरू नका.

आणखी एक, ज्याची किंमत उशिरा कळते: चढवलेला व्हिडिओ बदलून त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, एवढंच. म्हणून व्हिडिओत भाव, सवलत, फोन नंबर तोंडाने कधीच सांगू नका. ते डिस्क्रिप्शनमध्ये आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहा, तिथे हवं तेव्हा बदलता येतं. नाहीतर तीन वर्षांपूर्वीचा भाव ऐकून आलेल्या माणसाशी वाद घालावा लागतो.

मदतनीस असेल तर यूट्यूबची एक सोय मला आवडते. पासवर्ड न देता त्याला संपादकाचा अधिकार देता येतो. इन्स्टाग्रामवर पासवर्ड फिरवला जातो, आणि मग 'तुमच्या खात्यावर कॉपीराइटची तक्रार आहे' असा खोटा संदेश आला की कुणीतरी घाबरून तो भरून देतो. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा) दोन्हीकडे लावाच. फॉलोअर विकत घेणं कुठेही नको. ती खाती काही पाहत नाहीत, पुढे पाठवत नाहीत, आणि आकड्यांवरून काही शिकायची सोयही जाते.

कपडे, दागिने, सजावट, म्हणजे पाहताक्षणी ज्याचा मोह होतो असा माल असेल तर मी इन्स्टाग्रामच सुचवीन. तिथे कुणी समजून घ्यायला येत नाही, पाहायला येतं, आणि जुना माल शोधायचीही फारशी गरज नसते. दुरुस्ती, रोपं, औजारं, शिकवणी, शिवणकाम, म्हणजे गिऱ्हाईक आधी प्रश्न घेऊन येतं असा धंदा असेल, तर बहुधा यूट्यूब जास्त उपयोगी पडेल.

तसं ठरवलंत तर पंधरा दिवसांनी एक, पाच ते सात मिनिटांचा, आडवा व्हिडिओ पुरे. चित्रीकरण चालू असतानाच दोन-तीन क्रिया फोन उभा धरून पुन्हा करा. आडव्यातून कापलेली रील हातांची बोटं छाटते. त्या उभ्या तुकड्यांच्या रील इन्स्टाग्रामवर जातील आणि डीएम तिथेच येत राहतील. महिन्याने यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेलचे आकडे दिसतात तिथे) एकच आकडा पाहा, प्रेक्षकांपैकी किती यूट्यूबच्या शोधातून आले. तो वाढत असेल तर सबस्क्राइबर थोडे असले तरी चिंता नको. पहिल्या दहा व्हिडिओंचे विषय शोधायला कुठे जावं लागणार नाही. इन्स्टाग्रामचा इनबॉक्स उघडा, गेल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त वेळा आलेले दहा प्रश्न कागदावर उतरवा, आणि विचारणाऱ्यांचीच वाक्यं शीर्षकं म्हणून वापरा.