फुकटचं सॉफ्टवेअर आम्हाला 24,000 ला विकलं, दिव्यांगांच्या घरच्यांनी जरूर वाचा

आमच्या ह्यांना काचबिंदू. नजर एकदम नाही गेली, कडेकडेने गेली, आणि ऑफिसात फाइल वाचता येईना तेव्हा घरात एकच धास्ती, आता नोकरीचं काय. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, 2016 च्या कायद्यात कलम 20 मध्ये चक्क लिहिलंय, पण तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं आणि हे सॉफ्टवेअर विकणारा माणूस नेमका त्याच भीतीवर बोट ठेवून घरात शिरला.

यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या शिबिरात भेटला. गळ्यात आयकार्ड, मागे बॅनर, डॉक्टरांच्या टेबलाला लागूनच ह्याचं टेबल, आता मला सांगा, हा प्रायव्हेट धंदेवाला आहे असं कोणाला वाटेल? "वहिनी, साहेब परत पहिल्यासारखं काम करणार, माझी गॅरंटी." हिशोब असा: लॅपटॉप 41,000, 'मराठी बोलणारं खास सॉफ्टवेअर' 24,000, घरी येऊन ट्रेनिंग 6,500, सबसिडीची फाइल 3,000. झाले 74,500, आणि त्यातले 60 टक्के सरकारकडून खात्यात परत. 50,000 यूपीआयने दिले, 24,500 रोख. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. सबसिडी आली नाही, ट्रेनिंगवाला पोरगा तासभर बसून गेला तो गेलाच.

ते 'खास सॉफ्टवेअर' म्हणजे एनव्हीडीए, स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर. अहो, जगभर फुकट आहे ते! ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध माणसाने 2006 मध्ये सुरू केलं, ज्याला पाहिजे त्याने डाउनलोड करावं. मराठी आवाजसुद्धा त्याच्यातच येतो. ह्या महाभागाने डेस्कटॉपवरचं नाव आणि चित्र तेवढं बदललं होतं.

आणि माझ्या डोक्यातून जात नाही तो डेमोचा दिवस. ह्यांनी मेनू उघडला, ॲरो दाबत दाबत खाली गेले आणि मशीन स्वच्छ बोललं, "डोनेट". मी विचारलंसुद्धा, हे काय हो? तर हसून म्हणतो, कंपनी अंध मुलांना मदत करते ना, त्याचं आहे ते. 24,000 ला विकलेलं सॉफ्टवेअर वर देणगी कशाला मागेल? रोख पैसे तेव्हा माझ्या पर्समध्येच होते, अजून दिले नव्हते!! रात्री झोप लागत नाही ती ह्याच एका गोष्टीने. पण मी म्हणते, मला कळणार तरी कसं, जॉज नावाचं स्क्रीन रीडर खरंच विकत मिळतं आणि भरपूर महाग असतं, म्हणजे आकडा ऐकून संशय येण्यासारखं काही नव्हतं. मी बी.कॉम. आहे, अडाणी नाही.

डेमोला त्याने स्वतःची फाइल वाचून दाखवली, युनिकोडमधली, म्हणजे हल्लीच्या मराठी टायपिंगमधली, अगदी गोड वाचली. ऑफिसात गेल्यावर जुन्या फॉन्टमधली पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं बरळायला लागलं, आणि स्कॅन केलेला जीआर म्हणजे फोटोच, त्यात वाचायला काही नाहीच. म्हणून सांगते, रोजच्या कामाच्या फायली पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा आणि त्याच वाचून दाखव म्हणा. फोन केला तर म्हणे लायसन संपलं, रिन्यूअलचे 4,800. तेही भरले! म्हणजे 79,300. शेवटी एका अंध शिक्षकांनी आवाज ऐकला आणि फोनवरच सांगितलं, ताई, हे तर फुकटचं आहे. लॅपटॉपचा सिरियल नंबर टाकून बघितला तर वॉरंटी कधीच संपलेली, जुनाच माल पुसून दिलेला.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, हा सिव्हिल मॅटर आहे. जिल्ह्याच्या ऑफिसात म्हणाले, अशी योजनाच नाही, तुम्ही पैसे दिलेच का? अहो पण तुमच्याच शिबिरात त्याला टेबल कोणी दिलं? तर म्हणे ते शिबिर दुसऱ्या खात्याचं, आणि दुसरं खातं म्हणतं जागा आमची, परवानगी त्यांची. एकाने ह्यांच्यापुढे छापील फॉर्म सरकवला, वाचा आणि सही करा. वाचा!! दिसत नाही म्हणून तर आलोय ना बाबा तुमच्या दारात. दिव्यांगांसाठी वेगळा विभाग करणारं पहिलं राज्य म्हणून 2022 मध्ये केवढा गाजावाजा झाला, आणि इथे रॅम्पसमोर मोटरसायकली लावलेल्या.

पक्कं बिल मागा, जीएसटी नंबरसकट, नंबर पोर्टलवर तपासा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेत वस्तू मिळते, दुकानदाराला आधी पैसे द्या मग खात्यात परत, असलं काही नसतं. विंडोजमध्ये नॅरेटर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हे स्क्रीन रीडर आधीपासून असतात, पैसे सोडायच्या आधी महिनाभर ते वापरून बघा. लॅपटॉप साध्या दुकानातून घ्या. आणि विकणाऱ्याला नाही, रोज वापरणाऱ्या अंध माणसाला विचारा.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, 5 लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. शिबिरात 'मराठी बोलणारं' म्हणून असंच काही कोणी घेतलं असेल तर पावतीचं चिठोरंसुद्धा फेकू नका, कळवा, सगळ्यांची मिळून तक्रार करता येते.