४ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क: फुटेज ठेवायला मस्त, एडिटिंगला नको

लग्नं आणि गणपती शूट करणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी फोटो-पिक्चर ठेवायला डोळे झाकून विकत घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत घेतली, पक्कं बिल मिळालं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण या साइजच्या अडीच इंची डिस्कचं थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच रडगाणं आहे.

विंडोजला लावली की ३.६३ टीबी दिसते, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. जागा भरपूर आहे हो. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर के फुटेज तासाला साधारण ४५ जीबी खातं, म्हणजे विसर्जनाला तीन कॅमेरे दहा-दहा तास चालवले तरी १३५० जीबी.

कॉपी सुरुवातीला जोरात पळते आणि मोठा लॉट टाकला की मधेच मान टाकते. बहुतेक अशा डिस्क एसएमआर असतात, ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. रात्री लावून झोपायचं, दुसरा इलाज नाही.

आता एडिटिंग. तीन कॅमेऱ्यांचा हिशोब सेकंदाला ३७.५ एमबी, कागदावर आरामात बसतो, पण डिस्कचं हेड तीन फाइलींमध्ये नुसतं धावत बसतं आणि टाइमलाइनवर ढोलाचं टिपरू ऐकू येतं आधी, दिसतं नंतर. म्हणून ओरिजिनल या डिस्कवर आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रॉक्सी, म्हणजे हलक्या कॉप्या, बनवून लॅपटॉपच्या एसएसडीवर, मग लोण्यासारखं नाही पण काम होतं.

फोल्डरचं मात्र मनावर घ्या राव! सोनीच्या दोन कॅमेरा बॉडी असतील तर दोन्हीत सी०००१ नावाची फाइल सापडणार, एकाच फोल्डरमध्ये ओतलं की 'रिप्लेस करू का' विचारतं आणि झोपेत असलेला असिस्टंट हो म्हणतो, झालं कल्याण. त्यामुळे २०२५-०९-०६_विसर्जन, त्याच्या आत कॅम-ए, कॅम-बी, ऑडिओ, प्रोजेक्ट, आणि एडिट सुरू झाल्यावर कुणी नावं बदलायची नाहीत नाहीतर हरवलेल्या फाइली परत जोडत (रीलिंक) बसा. कार्ड उतरवायला रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल वापरा, चेकसम (फाइलच्या डेटावरून काढलेला आकडा) जुळवून कॉपी बरोबर झाली का बघतं, फुकट आहे.

कलर करेक्शन करणारा मॅकवर असेल तर डिस्क एक्सफॅट फॉरमॅट करा, विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट मॅक वाचतो पण लिहीत नाही. फक्त एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, इजेक्ट न करता केबल ओढली तर बोंबला. आणि वॉरंटी डिस्कला असते, आतल्या लग्नाला नाही, तेव्हा दोन घ्या आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा.

चपटी मायक्रो-बी केबल हलली की डिस्कनेक्ट होते, जास्तीची एक घेऊन ठेवा. पाउच बॉक्समध्ये येत नाही, तोही तिथेच मागून घ्या.