कानात रातकिडे: मशीन घ्यावं, आवाज लावून झोपावं की समुपदेशकाकडे जावं?

लाइट गेली, पंखा थांबला की अण्णा उठून बसायचे. इचलकरंजीत त्यांनी सव्वीस वर्षं लूम चालवले. शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे, नाहीतर ओठांवरून ओळखावं लागे. काम सुटल्यावर निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. मिळाली ती दोन्ही कानांत रातकिड्यांची किरकिर. त्यांच्यासाठी काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना आमचं दीड वर्ष गेलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आम्हाला आधी कोणी सांगितली नाही. कानात घुमणारा आवाज कायमचा पुसून टाकणारा खात्रीचा उपाय आज नाही. जे आहेत ते दोन प्रकारचे आहेत. काही उपाय तो आवाज बाहेरच्या आवाजांत मिसळून फिका करतात, काही त्या आवाजाचा त्रास कमी करतात. कोणी काही विकायला आलं तर ते या दोन्हींपैकी काय करतं, हे विचारायचं.

आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म टोकांच्या पेशी असतात. मोठा आवाज, वय किंवा काही औषधं यांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा तयार होत नाहीत. त्या पेशी ज्या पट्टीतले, म्हणजे जितके बारीक किंवा जाड, आवाज पकडत, ते मेंदूकडे कमी पोचू लागतात, म्हणून मेंदू स्वतःची संवेदना वाढवतो. त्या वाढीतूनच ही किरकिर उमटते, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. हे वाचून अण्णांना जितका धीर आला, तितका कुठल्या गोळीने आला नव्हता.

तुलना करण्याआधी काही लक्षणं तपासून घ्या. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, तर पुढचं वाचणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी जा. तिथे स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं, आणि ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणत घालवलेला आठवडा महागात पडतो. याउलट कारण नुसता मळही असू शकतो. तो काढला की काहींचा आवाज जातो.

गोळ्यांबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण आमचे सर्वाधिक पैसे तिथेच गेले. ‘नस कमजोर झालीय’ एवढं सांगून आम्हाला महिन्यामागून महिने बीटाहिस्टिन हे चक्करेवरचं औषध, जिंको हा झाडाचा अर्क आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं जिंको, मेलाटोनिन आणि झिंक यांची शिफारस करू नका, असं सांगतात. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये फक्त कानातल्या आवाजासाठी बीटाहिस्टिन देऊ नये, असं म्हटलं. चक्कर, झोप किंवा नैराश्य यांसाठी दिलेलं औषध ही वेगळी बाब, ते मनाने बंद करू नका. कोमट तेलाच्या घरगुती उपायाने या आवाजाचं मूळ हलत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर तेल अपायच करतं.

खरी निवड उरते ती तीन गोष्टींत: कानाचं मशीन, बाहेरचा आवाज आणि समुपदेशन.

मशीन आणि आवाज या दोघांमधला निर्णय ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, आलेखावर होतो. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ निसटतात आणि शब्द कळत नाहीत. टीव्ही मोठा लागतो, नातवंडांना ‘काय?’ विचारावं लागतं. तुमचं असं होत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिला पैसा मशीनवर. ते हरवलेली पट्टी मेंदूला परत देतं, पावसाचे, भांड्यांचे, माणसांचे आवाज आत येतात आणि किरकिर त्यांच्या मागे जाते. शिवाय संवाद परत मिळतो, जो पंखा किंवा ॲप कधीच देणार नाही.

उणीवही सांगतो. मशीन रात्री काढून ठेवायचं असतं, म्हणजे झोपेचा प्रश्न तसाच राहतो. पहिले काही आठवडे स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो, ताटाचा आवाज टोचतो, आणि याच काळात बरेच जण ते कपाटात टाकतात. पावसाळ्यात दमट हवेने ते बिघडतं, म्हणून सिलिका जेलची डबी हवीच. किंमत काही हजारांपासून लाखाच्या वर जाते. पण महाग मशीनपेक्षा तुमच्या आलेखाप्रमाणे नीट बसवलेलं मशीन जास्त उपयोगी. दुकानातून थेट उचललेलं, सगळेच आवाज सरसकट वाढवणारं यंत्र घेऊ नका. आठवडाभर वापरून बघायला मिळतं का आणि नंतर मशीनची जुळणी बदलून घ्यायला किती वेळा येता येतं, हे पैसे देण्याआधी विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत तपासणीची आणि मशीनची सोय आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं, पण त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि थोडंच कमी ऐकू येणाऱ्याला ते मिळत नाही.

ऐकू नीट येतंय, फक्त रात्र जड जाते? मग मशीनचा खर्च करू नका. टेबलफॅन, मोबाइलवर पावसाचा आवाज, उशाशी हळू लावलेला रेडिओ, एवढ्याने सुरुवात होते. फक्त एक चूक टाळा. लोक कानातली किरकिर पूर्ण बुडेल इतका मोठा आवाज लावतात. तो तिच्यापेक्षा किंचित हळू हवा, दोन्ही आवाज एकत्र ऐकू यावेत इतका, म्हणजे मेंदूला तिची सवय व्हायला वाव राहतो. हेडफोनवर मोठ्याने तर कधीच नाही. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश संस्थेच्या हिशेबात ८५ डेसिबल आठ तास चालतात, १०० डेसिबल जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीत ताशांच्या पुढे उभं राहणाऱ्याने खिशात इअरप्लग ठेवावेत. मात्र भीतीपोटी घरातही दिवसभर कानात बोळे घालून बसलं तर शांततेत किरकिर जास्तच जाणवते.

मशीन घेतलं, रात्री आवाज लावला, तरी अण्णा दिवसातून दहा वेळा ‘आज वाढलंय का?’ म्हणून कान देऊन बघत. ‘हे वाढत जाऊन मी ठार बहिरा होणार’ ही त्यांची खात्री होती. या टप्प्याला मशीन पुरत नाही. इथे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत कामाला येते, जिला डॉक्टर सीबीटी म्हणतात. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २८ चाचण्या आणि २७३३ माणसं होती. सीबीटीने आवाजाचा जीवनावरचा त्रास कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आवाज स्वतः बारीक होतो असं मात्र त्यातून दिसत नाही, म्हणून ‘आवाज बंद होईल’ या आशेने गेलेला माणूस दोन बैठकांत परततो. साधारण आठवड्याला एक अशी दोन-तीन महिन्यांची तयारी ठेवा. अडचण माणसाची आहे: मराठीत बोलणारा आणि कानाचा त्रास जाणणारा मानसशास्त्रज्ञ लहान शहरात सहज सापडत नाही. ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या ऑडिओलॉजिस्टलाच कोणी माहीत आहे का, हे विचारा. फार घाबरं होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

महागड्या पर्यायांत टीआरटी नावाची पद्धत येते, ज्यात कानात बारीक आवाजाचं यंत्र आणि समुपदेशन एकत्र असतं. २०१९ मध्ये अमेरिकेत १५१ जणांवर तिची चाचणी झाली, तेव्हा नीट दिलेल्या साध्या उपचारापेक्षा ती सरस ठरली नाही. जिभेला सौम्य विद्युतस्पंदन आणि कानाला आवाज देणाऱ्या लेनिर या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली. मी तरी कर्ज काढून ते घेणार नाही.

काहीही सुरू करण्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून कानातल्या आवाजाचा त्रास मोजणारी, पंचवीस प्रश्नांची टीएचआय ही प्रश्नावली भरून घ्या. तिचे गुण ० ते १०० असतात. तो आकडा कॅलेंडरवर लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा. आधीच्या आकड्यातून सात गुणही कमी झाले नसतील तर त्याच उपायावर पुढचा पैसा घालण्याआधी थांबा आणि डॉक्टरांशी बोला. अण्णांच्या गोळ्या आम्ही याच आकड्यावरून डॉक्टरांना विचारून बंद केल्या.