घराचं एलेव्हेशन: दोन्ही बाजू सारख्या की दार एका बाजूला?

गेल्या आठवड्यात एक मित्र ड्रॉइंगचे दोन कागद घेऊन घरी आला. गोव्यात साखळी गावी प्लॉट घेतलाय त्याने, प्लॅन जवळजवळ ठरलाय, पण समोरची बाजू (एलेव्हेशन) कशी करायची यावर नवरा-बायकोचं एकमत होत नाहीये. एका कागदावर दार मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन खिडक्या, दारापुढे बाल्कांव (गोव्याकडची बसायची उघडी ओसरी) आणि त्यावर कौलांचं छप्पर. दुसऱ्यावर दार डावीकडे सरकलेलं, उजवीकडे एकच लांबलचक खिडकी, बाल्कांव कोपऱ्याला. "तू दोन्ही तऱ्हेच्या घरांत राहिलायस, तूच सांग" म्हणाला. खरं आहे ते. माशेलचं आमचं जुनं घर आरशात बघावं तसं दोन्हीकडे सारखं, तिथे माझी तीस वर्षं गेली, आणि सहा वर्षांपूर्वी डिचोलीला बांधलेलं घर बरोबर त्याच्या उलट. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, अशाच पेचात आणखी कोणी असेल तर उपयोग होईल.

बॅलन्स (तोल), प्रपोर्शन (प्रमाण), ऱ्हिदम (लय) वगैरे शब्द घर बांधायला काढलेल्या माणसाच्या कानावर एव्हाना पडलेलेच असतात, त्यामुळे व्याख्या देत बसत नाही. फक्त एक गोंधळ आधी दूर करतो. सिमेट्री (दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या असणं) म्हणजे बॅलन्स नव्हे. बॅलन्स साधायचा तो एक मार्ग आहे, सगळ्यात सरळ मार्ग, पण एकमेव नाही. कावड आठवा. दोन्हीकडे सारख्या घागरी असल्या की खांदा काठीच्या मधोमध येतो. एकीकडे घागर आणि दुसरीकडे कळशी असली तर माणूस काठी सरकवून खांदा घागरीच्या जवळ घेतो आणि तितक्याच आरामात चालतो. घराच्या दर्शनी भागाचं अगदी तसंच असतं, फक्त इथे वजन किलोत नाही, डोळ्याला वाटणारं असतं. उघड्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीपेक्षा जड वाटते, सावलीतली काळोखी बाल्कांव उन्हातल्या भिंतीपेक्षा जड वाटते, आणि टोकाला ठेवलेली छोटीशी गडद वस्तू मध्याजवळच्या मोठ्या फिक्या वस्तूला तोलून धरते. गंमत म्हणजे विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने दोन हजार वर्षांपूर्वी सिमेट्री हा शब्द वापरला तो मुळी डावं-उजवं सारखं या अर्थाने नव्हताच, भागांची एकमेकांशी आणि सगळ्या इमारतीशी असलेली मापांची सांगड म्हणजे सिमेट्री, असा त्याचा अर्थ. आज आपण ज्याला प्रपोर्शन म्हणतो त्याच्या जवळचा.

आता पहिला कागद. दोन्हीकडे सारख्या घराला एक भारदस्तपणा असतो तो मी नाकारणार नाही, आणि आपल्या गोव्यात तर तो रक्तातच आहे. जुन्या गोव्याला बॉम जेझस बॅसिलिकेसमोर उभं राहून बघा, खाली तीन दारं, त्यावर तीन खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळं वर चढत जाऊन मध्ये गोळा होतं. १६०५ साली पूर्ण झालेली ही इमारत, गेल्या शतकात गिलावा काढल्यापासून चिरा उघडा आहे, तरी बोजड वाटत नाही, कारण नजर कुठे जायचं हे इमारतच सांगते. पणजीच्या चर्चचे दोन्हीकडून वळत चढणारे जिनेही तसेच, पायथ्याशी उभं राहिलं तरी आपण कुठल्यातरी मोठ्या गोष्टीच्या मधोमध उभे आहोत असं वाटतं.

घराच्या पातळीवर याचे फायदे साधे आहेत. गवंड्याला अर्धं समजलं की उरलेलं अर्धं समजलंच, खिडक्या एकाच मापाच्या, सुताराचं काम सोपं, चूक व्हायची शक्यता कमी. एकच सांभाळायचं, समोरची उघडपं (दारं-खिडक्या मिळून) विषम संख्येत हवीत, तीन किंवा पाच, म्हणजे मध्यावर दार येतं. चार केलीत तर मध्यावर भिंत येते आणि दार कुठे हे शोधावं लागतं. (खांबांचं उलट, ते सम हवेत. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराला समोर आठ खांब आहेत ते उगाच नाही, मध्ये वाट मोकळी राहते.) आणि बाल्कांव मधोमध असली की समोरासमोरचे दोन सोपे (बसायचे बांधीव कट्टे) इतके छान जमतात, संध्याकाळी दोघं इकडे दोघं तिकडे, गप्पा मारायला याच्यासारखी रचना नाही. माशेलच्या घराची ती बाल्कांव मला अजून आठवते, तिथला गुळगुळीत झालेला सोपा, पावसात तिथे बसलं की पागोळ्यांचा पडदा.

मग मी तेच परत का नाही बांधलं? कारण विजेचा मीटर.

हसू नका, खरंच तेवढंच कारण आहे. माशेलच्या घराला आजोबांच्या वेळी वीज आली तेव्हा मीटरचा बॉक्स दाराच्या उजवीकडे, दार आणि पहिली खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर बसवला. बाहेरून वाचता यायला हवा म्हणून समोरच. बॉक्स तो केवढासा, पण त्या दिवसापासून घर उजवीकडे कललं. बाबांना ते इतकं खुपायचं की त्यांनी डावीकडे त्याच उंचीवर, टेप लावून मोजून, त्याच आकाराची लाकडी पत्रपेटी ठोकली. काही वर्षं बरं दिसलं. मग काकांचं बिऱ्हाड वेगळं झालं आणि दुसरा मीटर आला, तोही उजवीकडेच, कारण वायर तिथूनच येत होती. मग नळाचा पाइप. मग उजवीकडची खिडकी नैऋत्येच्या पावसात सापडते म्हणून तिच्यावर पत्र्याची वेदर शेड, डावीकडच्या खिडकीला गरजच नाही कारण तिच्यापुढे फणसाचं झाड. मग एसीचं आउटडोअर युनिट. प्रत्येक वेळी बाबा अंगणात जाऊन हात पाठीमागे बांधून बघत उभे राहायचे आणि काहीतरी डावीकडे लावायचं शोधायचे. शेवटी त्यांनी नाद सोडला, आणि ते नाद सोडणं मला जास्त लागलं.

यातला एकही बदल तसा कुरूप नव्हता. पण दोन्ही बाजू सारख्या असल्या की डोळा आपोआप तुलना करतो, डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, आणि जे एका बाजूला जास्त आहे ते बोंब मारतं. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचंच बघा. दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ साली कोसळला आणि परत बांधलाच नाही. अडीचशे वर्षं होत आली, समोर गेलं की अजून नजर उजवीकडच्या रिकाम्या आभाळात जाते. कॅथेड्रलला ते पेलतं, उलट मला तर ती इमारत त्यामुळेच जास्त जिवंत वाटते, पण ती केवढी प्रचंड आहे, आणि तिथे रोज कोणी नवा पाइप लावत नाही. राहतं घर सतत बदलतं, आणि आपल्याकडचा पाऊस तर एकाच बाजूने झोडपतो. इथली वेदर शेड, पावसाळ्यातले झाप (झावळ्यांचे आडोसे), शेवाळ धरलेली भिंत, हे सगळं एका अंगालाच येणार. मला असं वाटतं की कडक सिमेट्रीच्या घराला हे काहीच सोसत नाही. कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

दुसऱ्या कागदाकडे वळतो. डिचोलीचं घर काढताना मी ड्राफ्ट्समनला पहिल्याच दिवशी सांगितलं की मीटर, पाइप, शेड, एसी, चपलांचं शेल्फ सगळं एलेव्हेशनवर काढून दाखव, ते धरूनच तोल साधायचा. त्याने दाराच्या डावीकडे उघड्या चिऱ्याची एक भिंत पुढे काढली, साधारण दीड फूट, आणि मीटर तिच्या आतल्या बाजूला गेला, वाचता येतो पण रस्त्यावरून दिसत नाही. ती चिऱ्याची भिंत झाली घागर. उजवीकडची लांब, बुटकी खिडकी आणि तिच्यावरची शेड झाली कळशी, पण दूर टोकाला, त्यामुळे तोल बसला. शेड इथे नंतर ठोकल्यासारखी वाटत नाही, ती नसती तर उलट उजवी बाजू हलकी पडली असती. दोन वर्षांपूर्वी सोलरचा इन्व्हर्टर आला, चिऱ्याच्या भिंतीआड गेला, अंगणातून बघताना काही फरक पडला नाही. तेव्हा बाबा असायला हवे होते असं फार वाटलं.

आईची हरकत मात्र खरी होती. ती म्हणाली, "अरे, दार मधोमध नाही तर तुळशीसमोरून देव कसा दिसणार?" माशेलला तुळशीवृंदावन, दार, ओसरी आणि देवघर एका रेषेत होतं, सकाळी तुळशीला पाणी घालताना तिला तिथून समई दिसायची. यावर मी आठवडाभर अडलो होतो. मग लक्षात आलं की तिला सिमेट्री नकोच होती, तिला ॲक्सिस हवा होता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्सिस म्हणजे ज्या रेषेवरून नजर आणि पाय पुढे जातात ती, ती घराच्या मध्यातूनच जायला हवी असा नियम नाही. आम्ही तुळस डावीकडे घेतली, दारासमोर, देवघर दाराच्या रेषेत आत घेतलं, आणि ती रेषा जशीच्या तशी राहिली, फक्त घराच्या डावीकडच्या एक-तृतीयांश भागातून जाते. आई आता खूश आहे. ज्यांच्या घरात हाच वाद चालू असेल त्यांनी आधी हे तपासावं, वाद बहुतेक वेळा रेषेचा असतो, आरशाचा नसतो.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर पणजीत कांपालला कला अकादमीत जा. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मांडवी नदीच्या काठी ती इमारत अशी पसरवलीय की समोर उभं राहून टिपावा असा एक राजेशाही चेहराच तिला नाही. तुम्ही पर्गोलाच्या (उघड्या तुळयांच्या मांडवाच्या) सावलीतून चालत जाता आणि नदी हळूहळू उघडत जाते. चालता चालता कळते ती इमारत. तोल आहे पण तो पावलागणिक बदलतो.

पण दुसऱ्या कागदाचा धोकाही सांगायला हवा, नाहीतर माझ्याकडून फसवणूक होईल. दार बाजूला घेतलं म्हणजे डिझाइन झालं असं नाही. हल्ली जिथे तिथे घरं दिसतात, एका कोपऱ्यात दगडी क्लॅडिंग, एका बाजूला काच, वर स्टीलचं रेलिंग, खाली जीआरसीची (काचतंतू घातलेल्या काँक्रीटची) जाळी, तीन रंग, आणि प्रत्येक खिडकी वेगळ्या उंचीवर. त्यात तोल नाही, नुसती गर्दी आहे. सिमेट्रीच्या घरात युनिटी (एकसंधपणा) फुकट मिळते, इथे ती कमवावी लागते. आम्ही दोनच गोष्टी पाळल्या. साहित्य तीनच, चिरा, पांढरा गिलावा, लाकूड. आणि दार, खिडकी, शेड सगळ्यांची लिंटेलची (वरच्या आडव्या तुळईची) पातळी एक, सात फूट, काही झालं तरी हलवायची नाही. गवंड्याने एका खिडकीला तीन इंच वर घेतलं होतं, तेवढं तोडून परत करायला लावलं, तो नाराज झाला, पण ती एक आडवी रेषा सगळं घर बांधून ठेवते. शिवाय खर्च थोडा जास्त येतो, प्रत्येक खिडकीचं माप वेगळं, आणि साइटवर रोज कोणीतरी बघणारा हवा. दुबईला बसून घर बांधून घेणार असाल तर मी तुम्हाला पहिलाच कागद सुचवेन.

प्लॉट रुंद असेल, मीटर कंपाउंडच्या भिंतीत जात असेल, चारी बाजूंनी खोल पडवी असेल म्हणजे पाऊस भिंतीला लागतच नसेल, तर दोन्हीकडे सारखं घर अजूनही सुंदरच होतं, त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. पण शंभर-सव्वाशे चौरस मीटरचं घर, दहा मीटर दर्शनी भाग, रस्त्यालगत, अशा आपल्या नेहमीच्या बेतात मी तरी दार बाजूला घेईन.

ठरवण्याआधी एक करून बघा. दोन्ही एलेव्हेशनच्या झेरॉक्स काढा आणि काळ्या स्केचपेनने त्यावर मीटर, पाइप, शेड, एसी, वाळत घातलेले कपडे, जे जे पाच वर्षांत येणार ते सगळं भरा. मग कागद भिंतीला लावून आठ-दहा फूट मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि नुसतं वजन उरतं. मित्राने परवा हेच केलं. पहिल्या कागदावर मीटर काढून झाल्यावर त्याच्या बायकोने पेन घेतलं आणि डावीकडे एक रिकामा चौकोन काढला, तेवढ्याच मापाचा. मी काही बोललो नाही. तिनेच थोडा वेळ बघून तो कागद खाली काढला.