मांडीचे हाड मोडल्यावर: ट्रॅक्शन की रॉड?

मलावीतील जिल्हा रुग्णालयात रुजू होणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारले, प्रौढांच्या मांडीच्या मोडलेल्या हाडासाठी ट्रॅक्शनच (वजन लावून पाय ताणून ठेवणे) चालू ठेवावे की रॉडची (शस्त्रक्रियेने हाडाच्या पोकळीत बसवायची धातूची सळई) सोय उभारावी?

ट्रॅक्शनचे साहित्य अगदी स्वस्त असते आणि ते ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसरही, म्हणजे डॉक्टर नसलेले पण हाडांच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारीही, लावू शकतात. परंतु रुग्ण सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खाटेला खिळतो, सोबतच्या नातेवाइकाची मजुरी बुडते, आणि हा खर्च रुग्णालयाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते. शिवाय हाड वाकडे किंवा आखूड जुळण्याचा धोका राहतो.

रॉड घातलेला रुग्ण बहुधा काही दिवसांतच कुबड्यांवर उभा राहतो. शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारे क्ष-किरणाचे सी-आर्म यंत्र नसल्याची अडचणही साइन (SIGN) या गरीब देशांतील रुग्णालयांना रॉड पुरवणाऱ्या संस्थेच्या रॉडने बरीच दूर केली आहे, कारण त्याचे स्क्रू बाहेरील मार्गदर्शक पट्टीच्या आधाराने बसतात. मात्र निर्जंतुकीकरण ढिसाळ असेल, तर हाडात खोलवर होणारा जंतुसंसर्ग ट्रॅक्शनच्या कोणत्याही दोषाहून भयंकर ठरतो.

प्रशिक्षित सर्जन, भूल आणि भरवशाचे ऑटोक्लेव्ह (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) असेल तेथे प्रौढांसाठी रॉडच निवडावा. यांपैकी एक जरी नसेल, तर ट्रॅक्शन लावून शक्य तितक्या लवकर मध्यवर्ती रुग्णालयात पाठवावे. लहान मुलांना मात्र ट्रॅक्शन सहसा पुरते.