विंडमिल पिचिंग शिकवताना : ‘हॅलो एल्बो’ की ‘इंटर्नल रोटेशन’?

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये, म्हणजे हात खालून आणून वेगाने चेंडू टाकण्याच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचरला (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) सुरुवातीच्या महिन्यांत हात कसा फिरवायला शिकवला, यावर तिचा पुढचा खेळ बऱ्याच अंशी ठरतो. शाळेच्या संघाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेले क्रीडाशिक्षक असोत किंवा अमेरिकेत मुलीला क्लबच्या संघात घालणारे मराठी पालक असोत, त्यांच्यासमोर ‘हॅलो एल्बो’ आणि ‘इंटर्नल रोटेशन’ या दोन पद्धती येतात आणि दोन्हींचे पुरस्कर्ते आपलीच पद्धत खरी असे ठामपणे सांगतात. हात पूर्ण वर्तुळात फिरवून चेंडू टाकण्याची विंडमिल शैली दोन्हींत समान आहे. मतभेद आहे तो वर्तुळाच्या उतरत्या भागाबद्दल, म्हणजे हात डोक्यावरून मागे जाऊन कमरेशी पोहोचेपर्यंत तळहात कोणीकडे असावा याबद्दल.

उजव्या हाताच्या पिचरकडे आपण तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे तिच्या उजवीकडून, पाहत आहोत आणि तिचा हात घड्याळाचा काटा आहे, असे समजू. हात प्लेटच्या (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते त्या पाटीच्या) दिशेने समोर असतो तेव्हा तीन वाजलेले असतात, डोक्यावर बारा, दुसऱ्या बेसच्या दिशेने मागे असतो तेव्हा नऊ आणि मांडीशी सहा. ‘हॅलो एल्बो’ पद्धतीत बारा वाजता चेंडू दुसऱ्या बेसला ‘दाखवायला’ सांगतात, नऊ वाजता तळहात जमिनीकडे राहतो, सहा वाजता मनगटाचा झटका देऊन चेंडू सोडला जातो आणि नंतर कोपर वर उचलून ते प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडे रोखले जाते. ‘इंटर्नल रोटेशन’मध्ये नऊ वाजता तळहात आकाशाकडे असतो, कोपर किंचित वाकलेले असते, कोपराच्या आतली बाजू कमरेला घासून जाते आणि त्याच क्षणी कोपरापुढचा हात आतल्या बाजूला वळत चेंडू सुटतो. त्यानंतर हात कोठे थांबावा याची सक्ती नसते, तो सैल राहून शरीरासमोरून आडवा निघून जातो.

वेगाचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी प्लेटपासून १३.११ मीटरवर असते. पिचर पुढे झेपावत असल्यामुळे चेंडू प्रत्यक्षात सुमारे ११ मीटरवरून सुटतो आणि ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. अमेरिकेच्या मोनिका ॲबट यांनी २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर वेगाची नोंद केली होती. असा वेग केवळ मनगटाच्या झटक्यातून येत नाही. पायांपासून निघालेला जोर कंबर, खांदा आणि कोपर असा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि शेवटी हाताच्या वळण्यातून चेंडूत उतरतो. तळहात जमिनीकडे ठेवून चेंडू खाली ढकलला की ही साखळी मध्येच तुटते. अव्वल पिचरच्या संथगती चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या, तर चेंडू सुटण्याच्या क्षणी बहुतेकींचा हात आत वळताना दिसतो. लहानपणी ज्यांना ‘हॅलो एल्बो’ शिकवले गेले आणि स्वतः प्रशिक्षक झाल्यावर ज्या तेच शिकवतात, त्यांच्यापैकीही अनेकींच्या बाबतीत हेच दिसते. तोंडाने सांगणे एक आणि हाताने करणे दुसरे, असा हा प्रकार आहे.

नियमांचे पारडेही दुसऱ्या पद्धतीकडे थोडे झुकते. चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली असावा आणि मनगट शरीरापासून कोपरापेक्षा दूर जाऊ नये, अशी अट नियमपुस्तकात असते. कोपराची आतली बाजू कमरेला घासत असेल तर ही अट आपसूक पाळली जाते. अर्थात मागचा पाय उचलून नव्या जागी रोवणे आणि तेथून पुन्हा रेटा घेणे, म्हणजे क्रो हॉप, दोन्ही पद्धतींत अवैधच आहे, आणि नवख्या मुली तो वेगाच्या मोहाने हटकून करतात.

तरीही ‘हॅलो एल्बो’ अजून टिकून आहे, याला कारण आहे. एका तासात तीस मुलींना रांगेत उभे करून ती शिकवता येते, सूचना मोजक्या असतात, शेवटची स्थिती डोळ्यांना दिसत असल्यामुळे चूक दाखवणे सोपे जाते आणि चेंडू लवकर सरळ जाऊ लागतो. ‘इंटर्नल रोटेशन’मध्ये पहिले काही आठवडे चेंडू कोठेही जातो, कधी मुलीच्या स्वतःच्या मांडीवर आपटतो, तर कधी बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती फिरत जातो आणि अशा फिरकीला वळण मिळत नाही. एकेका मुलीकडे स्वतंत्र लक्ष द्यायला ज्याच्याजवळ वेळच नाही, त्या शिक्षकाची ही अडचण खरी आहे.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. महाराष्ट्रातील शाळांतून सॉफ्टबॉलकडे वळणाऱ्या अनेक मुलींनी आधी क्रिकेट खेळलेले असते, आणि गोलंदाजी करताना कोपर सरळ ठेवण्याची शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली असते. विंडमिलमध्येही त्या हात काठीसारखा ताठ फिरवतात. अशा मुलीला ‘कोपर सैल सोड’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा, तळ्यात चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जावा म्हणून आपण तो जसा फेकतो तशी हालचाल आधी चेंडूविना आणि मग जाळीत चेंडू टाकून करून घ्यावी. हाताचे वळणे मुलीला यातून लवकर उमगते. तपासणीसाठी मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. तिसऱ्या बेसच्या बाजूने चित्रण करावे, हात नऊ वाजता असतानाचे दृश्य थांबवावे आणि तळहात कोणीकडे आहे एवढेच पाहावे. सरावानंतर कोपराखालच्या आतल्या बाजूला हलकी लाली दिसली तर घासणे योग्य जागी होत आहे. मनगटाजवळचे हाड दुखत असेल तर मुलगी कमरेला हात आपटत आहे, घासत नाही.

दुखापतीच्या बाबतीत मात्र कोणत्याही पद्धतीची जाहिरात ऐकून निश्चिंत होऊ नये. खालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. चेंडू सोडण्याच्या सुमारास खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो. चेंडू सुटल्यावर कोपर जाणीवपूर्वक वर ओढण्यापेक्षा हाताला शरीराशी घासून आपोआप मंदावू देणे मला अधिक सुरक्षित वाटते, पण पद्धतीपेक्षा टाकलेल्या चेंडूंची संख्या अधिक महत्त्वाची आहे. जपानच्या युकिको उएनो यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक खेचून आणले. तो पराक्रमच, पण चौदा वर्षांखालील मुलीला जिल्हा स्पर्धेत एकाच दिवशी तीन सामने टाकायला लावणाऱ्या शिक्षकाने त्याचा दाखला देऊ नये.

माझे मत स्पष्ट आहे. मुलगी हंगामापलीकडे पिचिंग करणार असेल, तर सुरुवातीपासून ‘इंटर्नल रोटेशन’ शिकवावे आणि पहिल्या दोन महिन्यांत भरकटणाऱ्या चेंडूंची काळजी करू नये. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असेल आणि संघात पिचरच नसेल, तर मी ‘हॅलो एल्बो’ऐवजी स्लिंगशॉट निवडेन. त्यात हात पूर्ण फिरत नाही, फक्त मागे जाऊन पुढे येतो. वेग कमी मिळतो, पण स्ट्राइक (प्लेटवरून योग्य उंचीने जाणारे चेंडू) पडतात आणि पुढे विंडमिल शिकताना मोडावी लागेल अशी सवय सहसा लागत नाही. फक्त बॅटिंगच्या सरावासाठी सरळ चेंडू टाकणारी मुलगी हवी असेल, तर ‘हॅलो एल्बो’नेही काम भागते.

‘हॅलो एल्बो’ पक्के झालेल्या मुलीची पद्धत बदलायची असेल, तर हंगामाच्या मध्यात त्याला हात घालू नये. स्पर्धा संपल्यावर चार-पाच मीटरवरून जाळीत, समोर प्लेट न ठेवता सुरुवात करावी आणि अंतर हळूहळू वाढवावे. या काळात मैत्रीपूर्ण सामना आलाच तर तिला पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभे करावे, कारण धावसंख्येचा ताण आला की हात हमखास जुन्या वळणावर जातो.